घडीवालीच्या खोलीत बिट्टीची जागा

बालकल्याण कार्यालयाच्या बाई मंगळवारी दुपारी येणार, असा निरोप आला तेव्हा घडीवाली एका पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती. तिने इस्त्री उभी केली, शर्ट तसाच अर्धवट सोडला आणि जिना चढून माझ्याकडे आली. हातातलं काम अर्ध्यावर टाकून आलेली ती मी पहिल्यांदाच पाहत होते.

"आजी, त्या खोली बघणार आहेत," ती म्हणाली. "खोली पटली तर बिट्टी माझ्याकडे राहणार. नाही पटली तर काकांकडे जाणार."

"तुझ्या खोलीत न पटण्यासारखं काय आहे?"

"आकार," ती म्हणाली आणि बस म्हटलं तरी दाराला टेकून उभीच राहिली.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून, तिची दहा बाय बाराची खोली आहे. पूर्वी तिथे रंगाचे रिकामे डबे आणि गंजके पाइप पडलेले असत. घडीवालीने ती भाड्याने घेतली, इस्त्रीचं टेबल मांडलं आणि तिथेच संसारही थाटला. संसार म्हणजे एकटीचाच. लग्नाचं कोणी विचारलं तर म्हणायची, "करणार होते हो, पण कपडे फार आले होते." इस्त्री तर गल्लीत आणखी दोघं करतात. पण हिने घडी घातलेला शर्ट चार दिवस बॅगेत कोंबून ठेवला तरी काढल्यावर जसाच्या तसा. म्हणून सगळ्यांची ती घडीवाली. तिचं खरं नाव वीजबिलावर असतं, तेवढंच.

थंडी सुरू होताना तिची धाकटी बहीण आजारी पडली आणि थंडी संपायच्या आत गेली. बहिणीचा नवरा आधीच गेलेला. मागे राहिली सात वर्षांची बिट्टी. "हिला तू बघ" असं बहीण दवाखान्यात म्हणाली होती, पण ते ऐकायला घडीवालीशिवाय कोणी नव्हतं. मुलीच्या चुलत्यानेही तिला न्यायची तयारी दाखवली. तेव्हा कोणाचं घर मुलीला योग्य, हे आता कार्यालय ठरवणार होतं.

त्या खोलीत कपाट नाही, तरी कधी पसारा नसतो. पलंगाच्या पायांखाली विटा लावून तिने तो उंच केलाय आणि खाली फळांच्या लाकडी खोक्यांची रांग लावली आहे. प्रत्येक खोक्याला पुढून दोरी. ओढली की खोकं खणासारखं बाहेर येतं. आत कपडे एकावर एक रचलेले नसतात, पुस्तकांसारखे उभे असतात. "रचले की खालचा कपडा विसरतो," ती सांगते, "मग तो नाहीच असं समजून माणूस नवा आणतो." दाराच्या मागच्या बाजूला जुनी चादर टांगली आहे. तिच्यावर लोकांनी टाकून दिलेल्या पँटींचे खिसे शिवलेत. एका खिशात कात्री, एकात मेणबत्ती, एकात औषधं, एकात सुटी बटणं. बरण्यांची झाकणं तिने फळीच्या खालच्या अंगाला खिळ्यांनी ठोकली आहेत. बरणी फिरवली की हातात येते, परत फिरवली की लटकते, आणि फळीचा वरचा भाग पातेल्यांना मोकळा राहतो. या सगळ्यासाठी बाजारातून आणलेलं असं काय, तर खिळे.

तिचा नियम एकच. हातातली वस्तू कुठेही टेकवायची नाही, थेट जागेवर न्यायची. "एकदा टेकवली की ती तिथेच बिऱ्हाड करते."

बिट्टी आली आणि तिच्याबरोबर पेयांच्या बाटल्यांची बुचं आली. पत्र्याची, रंगीत, एक पिशवीभर. ती म्हणजे बिट्टीची शाळा. खिडकीच्या कट्ट्यावर बुचं ओळीने बसायची, बिट्टी त्यांना शिकवायची, ओरडायची, एखाद्याला कोपऱ्यात उभं करायची. घडीवालीच्या जिवाची तगमग व्हायची. खिडकीचा कट्टा हा तिच्या हिशेबी रिकामा ठेवायचा भाग. पण तिने बुचं तिथेच राहू दिली. आणखी एक गोष्ट तिने केली. इस्त्रीच्या टेबलाभोवती, हात लांब केला तरी टेबलाला लागणार नाही इतक्या अंतरावर, जमिनीवर लाल चिकटपट्टी लावली. पट्टीच्या आत बिट्टीने यायचं नाही, इस्त्री गरम असो की गार. पोर मुकाट्याने वळसा घालून ये-जा करायला लागली.

कार्यालयाच्या बाई येण्याच्या आधीच्या रविवारी चुलता आणि चुलती बिट्टीला भेटायला आले. चुलता साधा, मऊ बोलणारा माणूस. बिट्टीसाठी रंगपेटी घेऊन आला होता. चुलती टापटिपीची. स्टुलावर बसण्याआधी तिने रुमालाने स्टूल पुसलं, आणि रुमालावर काहीच आलं नाही हे घडीवालीने नीट पाहून घेतलं.

"ताई, तुमच्याविषयी आमचं काही म्हणणं नाही," चुलता म्हणाला. "पण आमचा मुलगा शिकायला बाहेर गेलाय. त्याची खोली रिकामीच आहे. टेबल आहे, पुस्तकांचं कपाट आहे. पोरीला आरामच होईल."

"ते खरंच आहे," घडीवाली म्हणाली.

चुलतीची नजर भिंतीवरून, पलंगावरून, टेबलावरून फिरली आणि बुचांवर जाऊन थांबली. "खोली तुम्ही छानच ठेवलीय हो. पण हिला ठेवणार कुठे? घडी करून?"

चुलत्याने घसा खाकरला. घडीवाली हसली, पण ते हसू तिच्या तोंडावर जागेवर बसलं नाही. चुलता-चुलती गेल्यावर ती बराच वेळ खोलीकडे बघत उभी होती. परक्याच्या घरात उभं राहून बघावं तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली गेले तर दुकान बंद होतं आणि आतून घासल्याचा आवाज येत होता. घडीवाली गुडघ्यांवर बसून, रॉकेलच्या बोळ्याने जमिनीवरचा डिंक काढत होती. लाल पट्टी सोलून टाकली होती.

"दरिद्री दिसत होतं," ती म्हणाली. "वाटेत चिकटवलेलं काहीतरी. त्यांना वाटायला नको की इथे पाय टाकायला पण जागा नाही."

बिट्टी पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. तिची बुचं एका डब्यात गेली होती, डबा खोक्यात आणि खोकं पलंगाखाली. भिंतीवर तिने काढलेला खडूचा हत्ती पुसला होता. तिचे बूट, तिची रंगपेटी, डोक्याचे चाप, दाराशी टांगायची तिची पाण्याची बाटली, सगळं आत गेलं होतं. खोली मोठी दिसत होती हे खरं. कधी नव्हे इतकी मोठी.

"मावशी, मी कुठे बसू?" बिट्टीने विचारलं.

"उद्या ना? शाळेतून आलीस की स्टुलावर बस. दप्तर मांडीवर ठेव. बाई असेपर्यंत काहीच काढायचं नाही. एकसुद्धा वस्तू नाही. कळलं?"

"आणि सू लागली तर?"

"ती काढायला हरकत नाही," घडीवाली म्हणाली, आणि त्या दिवसातलं तेवढं एकच हसणं आम्ही तिघी हसलो.

मंगळवारी घडीवालीने मलाही बोलावून घेतलं होतं. शेजारचं जाणतं माणूस म्हणून माझ्याशीही बाई बोलणार होत्या. बाई पन्नाशीच्या, पायांत चालून चालून झिजलेल्या चपला. आवाज हळू. त्यांनी खोलीत उभं राहून एक चक्कर डोळ्यांनी मारली आणि मग खरी चक्कर मारली. खिडकीची कडी लावून-काढून पाहिली. नळ सोडून पाहिला. विजेची वायर कुठून कुठे गेलीय ते पाहिलं.

"सुरेख ठेवलीय खोली," त्या म्हणाल्या.

घडीवालीचे खांदे थोडे खाली आले.

"गरम इस्त्री घरात असते. मूल जवळ गेलं तर?"

"ती जात नाही, मॅडम."

"का जात नाही?"

घडीवालीने जमिनीकडे पाहिलं. तिथे आता नुसती लख्ख फरशी होती. "मी सांगितलंय तिला," ती म्हणाली. ते उत्तर इतकं तोकडं होतं की तिचं तिलाच ते ऐकवेना.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग पलंगाकडे, खिडकीकडे आणि भिंतींकडे पुन्हा एकदा पाहून सहज विचारलं, "मुलगी केव्हापासून राहायला येणार आहे?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. घडीवालीचा हात ओच्याशी गेला आणि कापड घट्ट धरून राहिला.

"राहतेच आहे ना, मॅडम. आई गेल्यापासून इथेच आहे ती."

"इथे?"

"इथेच. शाळेत गेलीय. येईलच आता."

"तसं मुलीचं काही दिसलं नाही म्हणून विचारलं." बाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "कधीकधी काय होतं, मूल असतं दुसऱ्याच कोणाकडे आणि भेटीच्या दिवशी आणून बसवतात. आम्हाला हे विचारावं लागतं."

मी म्हटलं, "मी रोज बघते हो तिला. रोज जिन्यावर उड्या मारत असते."

"तुम्ही शेजारी आहात, आजी. शेजारी चांगलंच सांगतात," बाई म्हणाल्या. तेही खरंच होतं.

एवढ्यात बिट्टी आली. तिने दारात बूट काढले, आणि ते ठेवायच्या जागी आता काही नाही हे पाहून हातातच धरले. दार ते स्टूल हा रस्ता सरळ आहे, टेबलाला जवळजवळ खेटून जाणारा. पण बिट्टी दारातून भिंतीकडे गेली, भिंतीलगत खिडकीपर्यंत गेली आणि तिथून वळून स्टुलावर येऊन बसली. दप्तर मांडीवर, बूट दप्तरावर. दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसतात तशी.

बाईंचं पेन थांबलं होतं. त्या फरशीकडे बघत होत्या.

"काय गं, तू इथेच राहतेस का?"

बिट्टीने मावशीकडे पाहिलं. मावशीने होकाराची मान हलवली. बिट्टीनेही मान हलवली.

"शाळेतून आल्यावर काय करतेस?"

"बसते."

"आणि खेळत नाहीस?"

पोरीचा चेहरा कसनुसा झाला. खरं सांगावं तर वस्तू काढावी लागणार, आणि वस्तू काढायची तर बंदी. "पाहुणे गेले की खेळते," ती शेवटी म्हणाली.

बाईंनी पेनला टोपण लावलं. "हे बघा," त्या घडीवालीला म्हणाल्या, "तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण काकांकडे मी जाऊन आलेय. तिथे मुलीची खाट आहे, टेबल आहे, तिचं म्हणून एक कपाट आहे. इथे तिचं काय आहे?"

"आहे ना, मॅडम! तिचे कपडे दुसऱ्या खोक्यात. पुस्तकं मधल्यात. चाप दाराच्या खिशात, खालून पहिल्या ओळीत, तिचा हात पोचतो तिथे."

"तुम्ही सांगताय. मला दिसायला हवं."

घडीवाली खाली बसली, दुसऱ्या खोक्याची दोरी धरली आणि खोकं ओढलं. ओढून थांबली नाही. उचललं आणि पालथं केलं. फ्रॉक, गणवेश, मोजे, सगळं फरशीवर पडलं. मधलं ओढलं, पालथं केलं. वह्या घसरत टेबलाखाली गेल्या. खिशांच्या चादरीतून चाप, रिबिनी, मोडक्या पेन्सिली, एक दुधाचा पडलेला दात गुंडाळलेला कागद, सगळं ओंजळीने काढून ती मध्ये टाकत होती. आयुष्यभर एक रुमाल वाकडा न ठेवलेली बाई. तिचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. शेवटी तिने तो डबा उघडून उलटा केला. पत्र्याची बुचं खणखणत चारी दिशांना गेली. एक तर गडगडत बाईंच्या चपलेला जाऊन लागलं.

"हे तिचं आहे," घडीवाली म्हणाली. "एवढं सगळं तिचं आहे. मी... मी आत टाकलं होतं."

मग स्टुलावरून किंकाळी आली.

"मावशीऽ! माझी शाळा!"

दप्तर एकीकडे, बूट एकीकडे. बिट्टी चार पायांवर बुचं गोळा करत सुटली. बाईंच्या चपलेपाशी आली, बूच उचललं, फुंकर मारली. "सगळी मुलं पाडलीस तू! आता कोण कुठे बसायचं ते कसं कळणार त्यांना?"

"मी लावून देते," घडीवाली म्हणाली.

"तू नको! तू रंगाने लावतेस. रंगाने नसतात ती. ही हिरवी आणि ही पोचा आलेली या मैत्रिणी आहेत." ओंजळ भरून ती खिडकीकडे निघाली, पुन्हा भिंतीलगत, पुन्हा तोच वळसा. कट्ट्यावर बुचं मांडून आली, तोच वळसा. टेबलाखाली गेलेल्या वह्यांपाशी येऊन मात्र ती अडली. हात पुढे केला आणि मागे घेतला. "मावशी, वह्या तू काढ. आत गेल्यात."

"कशाच्या आत?" बाईंनी विचारलं.

"रेघेच्या."

"कुठे आहे रेघ?"

बिट्टीने खाली पाहिलं. तिने बोटाने हवेत टेबलाभोवतीची रेघ ओढून दाखवली, कोपऱ्याशी नेमकी वळवून. "इथून इथे. मावशीने काल सोलून टाकली. पण आहे."

"सोलून टाकली तर मग आत का जात नाहीस? इस्त्री तर गार आहे आज."

"गार असली तरी नाही जायचं," बिट्टी म्हणाली. एवढी मोठी बाई असून एवढंही माहीत नाही, असा तिचा सूर होता.

बाई घडीवालीकडे वळल्या. "काय होतं तिथे?"

"लाल पट्टी, मॅडम. घाण दिसत होती म्हणून सोलली."

बाईंनी पेनचं टोपण काढलं. पसाऱ्यातून पाय टाकायला जागा शोधत त्या पलंगापर्यंत गेल्या आणि फ्रॉक बाजूला करून चक्क बसल्या. बराच वेळ लिहीत होत्या. बिट्टी त्यांच्या पायांशी मोज्यांच्या जोड्या लावत होती आणि घडीवाली एका वहीचा दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ करत होती, सरळ झाल्यावरही करत होती.

उठताना बाई म्हणाल्या, "माझ्या हातात फक्त लिहिणं आहे. ठरवणार आमच्या कार्यालयाची समिती. पण ती पट्टी आजच लावा. आणि मी पुन्हा येईन, न सांगता. त्या दिवशी मला ही बुचं बाहेर दिसली पाहिजेत."

समितीचं उत्तर यायला पंधरवडा लागला. तो कसा गेला ते घडीवालीने इस्त्री केलेले कपडे बघून गल्लीला कळत होतं. कुणाच्या शर्टाला चुण्या, कुणाचा शर्ट कुणाच्या पिशवीत. बाई खरंच एकदा न सांगता येऊन गेल्या, बुचं पाहिली आणि पाणीसुद्धा न घेता गेल्या. त्या दिवशी घडीवाली जेवली नाही.

मग पत्र आलं. तिने ते मला वाचायला दिलं, स्वतः पाठ फिरवून उभी राहिली. मुलगी मावशीकडे राहील, मोठ्या सुट्ट्यांत काकांकडे जाईल. मी दोनदा वाचून दाखवलं. ती टेबलापाशी गेली आणि थंड इस्त्रीच एका चादरीवरून फिरवत राहिली.

संध्याकाळी चुलत्याचा फोन आला. फोन स्पीकरवर ठेवून ती मोज्यांच्या जोड्या लावत होती.

"ताई, आम्हाला पण पत्र आलं," चुलता म्हणाला. आवाज पडलेला होता, पण कडवट नव्हता. "मग सुट्टीत पाठवाल ना? मुलाची खोली तयार ठेवतो."

"पाठवीन की. तुमचीही आहेच ती. फक्त तिच्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागतील. कट्ट्यावर, नाहीतर टेबलावर. आवरून आत टाकायच्या नाहीत. वहिनींना चालेल का, विचारा."

पलीकडे कुजबूज झाली. मग चुलतीचाच आवाज आला.

"म्हणजे, किती आहेत?"

घडीवालीने खिडकीकडे पाहिलं. बिट्टी नव्या तीन बुचांना शाळेत दाखल करून घेत होती.

"वाढतायत," ती म्हणाली.